दहा महिने आणि बारा अंक : कॉमिक ग्रेडिंगचा अनुभव

गेल्या दहा महिन्यांत मी माझ्या संग्रहातले बारा जुने अंक दोन खेपांमध्ये व्यावसायिक ग्रेडिंगसाठी पाठवले. ते सगळे परत येऊन कपाटात स्थिरावले आहेत, त्यामुळे पहिल्या पार्सलाच्या उत्साहात जे लिहिले असते त्यापेक्षा थोडे शांतपणे आता लिहिता येईल. मी न्यू जर्सीत राहतो. लहानपणी कोल्हापुरात ज्याला वेताळ म्हणून ओळखत होतो, त्या फँटमचे, म्हणजे बापाकडून मुलाकडे वारसा चालत आलेल्या मुखवटाधारी जंगलनायकाचे, अमेरिकी अंक जमवणे हा माझा मुख्य छंद आहे. ही मालिका १९६२ साली गोल्ड की या प्रकाशनाने सुरू केली, सतरा अंकांनंतर ती किंगकडे आणि पुढे चार्ल्टनकडे गेली आणि १९७७ साली ७४व्या अंकावर थांबली. अंक मात्र त्र्याहत्तरच आहेत, कारण किंगचा शेवटचा २८वा आणि चार्ल्टनचा पहिला ३०वा; २९ क्रमांकाचा अंक अमेरिकेत निघालाच नाही. नव्या संग्राहकाला तो शोधायला लावणे ही जुन्या मंडळींची ठरलेली गंमत आहे आणि तिला मीही बळी पडलेलो आहे.

ज्यांना ग्रेडिंगची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण अंक पाठवायचा. तिथले परीक्षक पाने मोजतात, कुठे रंग भरला आहे का, कडा कापल्या आहेत का, फाटलेले चिकटवले आहे का हे पाहतात, आणि ०.५ ते १० या मापावर गुण देऊन अंक पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून परत पाठवतात. गुणांबरोबर पानांचा रंगही लिहिला जातो, म्हणजे कागद पांढरा राहिला आहे की सायीच्या रंगाकडे झुकला आहे. या पेटीला इथे सगळे स्लॅब म्हणतात. माझ्या आईला फोनवर ‘माझे स्लॅब आले’ असे सांगितले तेव्हा तिने आधी घराचे काम कधी काढले असे विचारले होते. या धंद्याला आजचे रूप फ्लोरिडातल्या सीजीसी कंपनीने २००० साली दिले. सीबीसीएस ही दुसरी ठळक कंपनी २०१४ सालची. माझे अंक कोणाकडे गेले होते ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि मला ज्या गोष्टी सांगायच्या आहेत त्या बहुतेक साऱ्या सेवांना सारख्याच लागू आहेत.

निवडीचा निकष माझ्यापुरता सोपा होता. पेटीत बंद झालेल्या अंकाचे फक्त मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दिसते, म्हणून ज्यांची मुखपृष्ठे भिंतीवर टांगावीत अशी वाटतात तेवढेच अंक पाठवायचे. त्यांत पहिला मान जॉर्ज विल्सन यांचा. गोल्ड कीची मुखपृष्ठे रेखाटून रंग भरलेली नसत, ती रंगवलेली चित्रे असत, आणि ‘फँटम’, ‘टुरॉक’ अशा मालिकांसाठी विल्सन यांनी ती मोठ्या संख्येने केली. प्रकाशक चित्रकाराचे नाव छापत नसे, त्यामुळे कित्येक वर्षे ही चित्रे निनावीच पाहिली गेली. त्यांच्या चित्रातले जंगल खरोखर दमट वाटते. फँटमच्या जांभळ्या अंगावर हिरवट सावली पडलेली असते आणि संकट नेहमी चौकटीच्या कडेवरून, अर्धेच दिसत येते. दुसरे आवडते डॉन न्यूटन, चार्ल्टनच्या शेवटच्या काळातले. त्यांचा फँटम देहाने भारदस्त आहे, पण चेहऱ्यावर एक प्रकारचा थकवा आहे, आणि चारशे वर्षांचा वारसा वाहणारा माणूस असाच दिसणार असे मला ती मुखपृष्ठे पाहताना वाटते.

फँटमबाहेरचे तीनच अंक पाठवले. एक नील अ‍ॅडम्स यांचे मुखपृष्ठ असलेला डिसेंबर १९७०चा ‘बॅटमॅन’ क्रमांक २२७. आभाळाएवढा बॅटमॅन मागे उभा आहे ही त्याची रचना १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ३१वरून घेतलेली आहे, आणि मूळ चित्र शेजारी ठेवले की अ‍ॅडम्स यांनी त्यात किती भीती भरली ते कळते. दुसरा १९७१चा ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’ क्रमांक ९२, बर्नी राइटसन यांच्या मुखपृष्ठाचा, ज्यात स्वॅम्प थिंग हा दलदलीतला राक्षस पहिल्यांदा आला. त्यावरच्या केस विंचरणाऱ्या स्त्रीसाठी लुईस जोन्स यांनी मॉडेल म्हणून काम केले होते, ज्या पुढे लुईस सायमन्सन या नावाने संपादक आणि लेखिका म्हणून ओळखल्या गेल्या. तिसरा १९७४चा मार्व्हलचा एक साधा अंक, ज्याच्याविषयी पुढे लिहितो.

पाठवण्याआधीची तयारी हाच या दहा महिन्यांतला सर्वांत शिकवणारा भाग होता. खोलीतले दिवे घालवून टेबलावर टॉर्च आडवी ठेवायची आणि तिच्या तिरप्या उजेडात मुखपृष्ठ हळूहळू फिरवायचे. समोरून नवाकोरा दिसणारा अंक अशा उजेडात खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यासारखा दिसतो. त्यातले काही दोष ‘प्रेसिंग’ने जातात. हे काम करणारा माणूस वेगळा असतो. तो ठरावीक ओलावा, उष्णता आणि दाब देऊन अंक सपाट करतो, आणि यात बाहेरचे काही भरले जात नसल्यामुळे त्याला दुरुस्ती मानत नाहीत. मात्र एक मर्यादा पक्की लक्षात ठेवावी. घडीवरची शाई तुटून खालचा पांढरा कागद दिसू लागला असेल तर ती रेघ कोणत्याही दाबाने जात नाही. म्हणूनच काळ्या मुखपृष्ठांचे अंक जिवावर उदार होऊन पाठवावे लागतात: बांधणीच्या कडेवरची केसाएवढी रेघही काळ्यावर पांढरी उठून दिसते. ‘बॅटमॅन’ २२७ला मी मनात ७ गुण दिले होते, आले ५.५.

निकाल पाहता माझा अंदाज बारापैकी चारच अंकांत अर्ध्या गुणाच्या आत बरोबर आला. गोल्ड कीचे चार अंक ५.५ ते ८ यांच्या दरम्यान बसले, आणि ८ मिळालेला अंक मी सर्वांत कमी लेखला होता, कारण त्याच्या मुखपृष्ठावर विक्रेत्याने पेन्सिलीने घातलेली आवकेची तारीख होती. अशी तारीख त्या काळच्या विक्रीव्यवहाराचा भाग मानून परीक्षक तिच्याकडे बरेच सौम्यपणे पाहतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चार्ल्टनच्या पाच अंकांनी मात्र निराश केले. चार्ल्टनचा छापखाना कनेटिकटमधल्या डर्बी गावात त्यांच्या स्वतःच्याच इमारतीत होता आणि तिथली छपाई व कटाई अगदी सुमार दर्जाची असे. न वाचलेला, न हाताळलेला अंकसुद्धा तिरका कापलेला आणि स्टेपल वाकडा बसलेला निघतो. दोष छापखान्यातलाच असला तरी गुण जातातच. न्यूटन यांचे माझे सर्वांत लाडके मुखपृष्ठ ६.५ची चिठ्ठी लावून परत आले, आणि ती चिठ्ठी पाहून मला दोन दिवस उगाच अपमान झाल्यासारखे वाटत होते.

मार्व्हलच्या अंकाची गोष्ट सगळ्या नव्या संग्राहकांनी ऐकावी. १९७४च्या सुमारास मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर ‘व्हॅल्यू स्टँप’ छापायला सुरुवात केली; मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचे, संच शंभराचा. मुलांनी ते आज्ञाधारकपणे कापले. परिणामी आज त्या काळातला बाहेरून देखणा अंक आतून चौकोनी भोक पडलेला असू शकतो आणि तसा असेल तर त्याची किंमत कोसळते. मार्व्हलचा गाजलेला नायक वुल्व्हरिन ज्यात पहिल्यांदा पुरता दिसला त्या ‘हल्क’ १८१ची नोव्हेंबर १९७४ची प्रत घेताना म्हणूनच लोक आधी आतले पान उघडून पाहतात. माझा अंक तितका मौल्यवान नव्हता, पण मी मुखपृष्ठावर भाळून पाने न तपासताच तो पाठवला आणि तो हिरव्या चिठ्ठीसह, म्हणजे ‘दोष नोंदवून दिलेली श्रेणी’ म्हणून परत आला. परीक्षकांनी त्यांचे काम चोख केले. चूक निव्वळ माझी होती.

आता तक्रारी. पहिल्या खेपेला साडेचार महिने लागले, आणि त्यातले जवळजवळ तीन महिने अंक ‘मिळाला’ या एकाच नोंदीवर थांबलेले दिसत होते. दोन पेट्यांमध्ये आतल्या आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या मधे रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात तशी सप्तरंगी वलये आहेत. त्यांनी अंकाला धोका नाही, पण विल्सन यांचा हिरवा रंग पाहण्यासाठीच जर मी पैसे मोजले असतील तर त्यावर तरंगणारा जांभळा डाग मला मान्य नाही. एका पेटीचा कोपरा प्रवासात तडकला. ती बदलून मिळाली, परंतु पाठवण्याचा खर्च मलाच पडला.

प्रेसिंग, ग्रेडिंग, दोन्ही बाजूंचा विमा उतरवलेला टपालखर्च हे सगळे धरून मला एका अंकामागे सरासरी सत्तर डॉलर पडले. यातल्या चार्ल्टनच्या अंकांतला एकही मी वीस डॉलरपेक्षा जास्त देऊन घेतलेला नव्हता. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असा हा सरळ हिशेब आहे, आणि विकण्याच्या उद्देशाने कोणी हा खर्च करू पाहत असेल तर त्याने ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’ ९२सारख्या अंकांपुरताच करावा, जिथे घेणाऱ्याला अंक अस्सल आणि अदुरुस्त असल्याची खात्री हवी असते. माझी ती प्रत ४ गुणांची आहे, कोपरे गोल झालेले आहेत, तरीही बारातली तीच एक प्रत अशी आहे जिच्यावरचा खर्च उद्या विकली तर निघेल. बाकीच्यांसाठी मायलर या टिकाऊ पारदर्शक प्लास्टिकची चांगल्या प्रतीची पिशवी आणि आम्लविरहित पुठ्ठा पुरेसा आहे. साध्या स्वस्त पिशव्या मात्र काही वर्षांत पिवळ्या पडतात, त्या बदलत राहाव्यात. आणखी एक अडचण आधी लक्षात आली नव्हती: बारा पेट्यांना पूर्वी पन्नास अंकांना पुरत असे तेवढी जागा लागली.

वाचण्याचा प्रश्न उरतोच. पेटी फोडली की श्रेणी रद्द होते. म्हणून बंद केलेल्या नऊ फँटमपैकी सातांच्या फाटक्यातुटक्या दुसऱ्या प्रती मी दोन-तीन डॉलरच्या खोक्यांतून घेतल्या आहेत आणि संध्याकाळी हातात असतात त्या याच.

तिसऱ्या खेपेसाठी मी एक अंक बाजूला काढला होता: वेताळाचा मराठी इंद्रजाल, गोविंद यांच्या मुखपृष्ठाचा. टाइम्स समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० साली बंद पडली, आणि तिच्यासाठी गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे विल्सन यांच्या शेजारी ठेवली तर मला एक पाऊलही मागे वाटत नाहीत. टॉर्च आडवी ठेवून पाहिले. कागद तपकिरी आहे, एक स्टेपल गंजून त्याचा डाग पसरला आहे, बांधणीच्या कडेला वाचनालयाने दाभणाने पाडलेली तीन भोके आहेत, आणि फँटमच्या छातीवर आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का आहे, खाली शाईत वर्गणीदाराचा क्रमांक. पेन्सिलीच्या तारखेला मिळते ती सवलत या शिक्क्याला मिळणार नाही. माझ्या अंदाजाने गुण २ येतील, फार तर २.५. अंक पुन्हा मायलरमध्ये घातला आणि त्याच्या जागी किंगचा १९वा खेपेत ठेवला.