दाणेदार कोंबडीखत : एकाच नावाच्या दोन पिशव्या, दोन अनुभव

दोन हंगाम कच्चे कोंबडीखत वापरल्यानंतर यंदा प्रक्रिया केलेले दाणेदार खत आणले, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणे कितपत योग्य ठरले, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार या प्रकारच्या बहुतेक पिशव्यांना लागू पडेल असे मला वाटते.

आधी कच्च्या खताविषयी. कोंबड्यांच्या शेडमधून निघालेली, विष्ठा मिसळलेली तुसाची गादी सरीत टाकून चौथ्याच दिवशी मी मिरचीची रोपे लावली होती. आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या आणि एक रोप उपटून पाहिले तेव्हा मुळांची टोके तपकिरी पडलेली होती. कोंबडीच्या विष्ठेतील नत्राचा (नायट्रोजनचा) मोठा भाग यूरिक आम्लाच्या रूपात असतो. ओल मिळताच त्याचा झपाट्याने अमोनिया होतो, जो काही हवेत उडून वाया जातो आणि उरलेला, विष्ठेतल्या क्षारांच्या जोडीने, कोवळी मुळे जाळतो. ‘कोंबडीखत गरम असते’ असे शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने, आणि घाई केली ती मीच. शिवाय कच्च्या खतात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, म्हणून अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकांसाठी असे खत काढणीच्या किमान १२० दिवस आधी, तर इतर खाद्यपिकांसाठी ९० दिवस आधी जमिनीत मिसळावे लागते. पालक किंवा कोथिंबिरीच्या बाबतीत हे जमणारच नाही.

दाणेदार खताची पहिली पिशवी उघडली तेव्हा उग्र वास नव्हता. मूठभर दाणे पाण्यात टाकले असता अर्ध्या तासात फुगून विरघळले आणि तळाशी तुसाचे काळपट तुकडे उरले. थोडे खत ओले करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवले, तरी उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला नाही. मातीत मिसळून त्यात मेथी पेरली, तीही नेहमीसारखीच उगवली. लागवडीत एकही रोप करपले नाही. फेकायला सोपे, माश्या नाहीत, हाताला चिकटत नाही, हेही खरे.

महिन्याने त्याच नावाची दुसरी पिशवी आणली. तीच चाचणी केली, तर गाठ सोडताच डोळ्यांना झोंबेल असा वास आला आणि मेथीचे निम्मे दाणे उगवलेच नाहीत. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नीट कुजवायचे तर तूस, भुसा यांसारखे कार्बनयुक्त साहित्य मिसळून कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब (कार्बन) आहे ते, साधारण २५ ते ३० वर आणावे लागते आणि ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेला ठेवून वारंवार पालटावा लागतो. नुसते उष्णतेने वाळवून दाणे पाडले, तर जंतू बहुतांशी मरतात, पण यूरिक आम्ल बरेचसे तसेच राहते आणि पहिले पाणी मिळताच कच्च्या खताचा गुण दाखवते. पिशवीवर मात्र दोन्हींना ‘प्रक्रिया केलेले’ एवढेच म्हणतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाची (पोटॅश) टक्केवारी ठळक अक्षरांत छापली आहे. कुजवले की वाळवले, आणि कधी, हे कुठेही नाही.

एक इशारा दोन्ही प्रकारांना लागू आहे. या खतात स्फुरद जवळजवळ नत्राइतकेच असते, पिकाची स्फुरदाची गरज मात्र बरीच कमी असते. त्यामुळे नत्राचा संपूर्ण हिशेब याच खतावर बसवला, तर काही वर्षांत जमिनीत स्फुरद साचत जाते आणि जस्ताची कमतरता दिसू शकते. मी ते फक्त लागवडीपूर्वीच्या मात्रेपुरते ठेवतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खतात चुनाही पुष्कळ असतो, तेव्हा आधीच चुनखडीयुक्त असलेल्या जमिनीत हात आणखी आखडता घ्यावा.

दुसरी पिशवी परत केली नाही. भुशात मिसळून, ओली करून ढिगात लावली आहे. तिसरी घेईन तेव्हा तीन दिवस आधी घेईन, लागवडीच्या सकाळी नाही.