मोरोक्कोचं जुलैचं स्वस्त पॅकेज घ्यावं का? आमचा अनुभव

आधीच सांगते, मी परभणीची. मे महिन्यात ४४ डिग्रीत गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली येऊन कूलरमधी पाणी भरणारी माणसं आम्ही. त्यामुळं टूरवाली पोरगी फोनवर "मॅडम जुलैमध्ये तिकडे थोडं गरम असतं" म्हणली तेव्हा फोन स्पीकरवर होता अन आमचे मिस्टर जे हसायला लागले ते पाच मिनिटं हसतच होते. थोडं गरम म्हणे! इथंच फसलो.

पॅकेज आठ दिवसांचं, मुंबईहून आखातात विमान बदलून कासाब्लांका, मग माराकेश, अन तिथून तीन दिवस गाडीनं सहाराच्या कडेला मेर्झूगापर्यंत जाऊन परत. डिसेंबरच्या भावापेक्षा माणशी चाळीस हजार कमी, लेकीला पुण्याच्या कंपनीतून सुट्टी जुलैतच मिळायली, सोबत आमच्या मोठ्या जाऊबाई. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, वय ६३, गुडघे कामातून गेलेले पण हौस दांडगी. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

कासाब्लांका समुद्रावर आहे, तिथं जुलैत एकदम मस्त हवा, रात्री अक्कांनी चक्क शाल काढली. तिथले आधीचे राजे हसन दुसरे यांची मशीद बघितली, २१० मीटरचा मिनार, मान दुखंस्तोवर वर बघितलं. माराकेशला ऊन सुरू झालं. तिथला जामा अल फना चौक दुपारी अगदी सुना, अन रात्री नऊनंतर अशी गर्दी की आपल्याकडची उरुसाची जत्राच बघावी, लेकरंबाळं घेऊन लोक रात्री बाराला हिंडायलेत. तेव्हाच आपल्याला अक्कल यायला पाहिजे होती की हे लोक दुपारी का दिसत नाहीत.

आता मुद्द्याचं लिहिते, कारण "ऊन किती असतं" असं बऱ्याच जणींनी विचारलं. मेर्झूगाला गाडीच्या काट्यावर ४५ होतं. आकडा बघून घाबरायचं कारण नाही, आपण पाहिलेलं आहे. पण परभणीत आपण ११ ते ५ बाहेर पडतो का? दारं लोटून, फरशीवर पाणी मारून पडून राहतो, कामं सकाळी उरकतो नाहीतर संध्याकाळी. तिथले लोकही तेच करतात, दुपारी मेर्झूगात कुत्रं दिसलं नाही आम्हाला. अन आम्ही मात्र पैसे भरून ११ ते ५ बाहेर! कंपनीनं केलंय काय, तर डिसेंबरचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलून जुलैत विकलाय. भाव तेवढा कमी केला, वेळा त्याच.

उदाहरण सांगते. पहिल्या दिवशी सकाळी आठला माराकेशहून निघालो, अॅटलास डोंगराचा टिझी न टिश्का घाट चढलो, २२६० मीटर उंची, वर गार वारा, सगळे खूश. अन घाट उतरून आइत बेनहद्दूला पोचलो तेव्हा दुपारचा दीड. हे मातीचं जुनं गाव आहे, टेकडीच्या उतारावर, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत. बघण्यासारखं आहेच, पण सगळ्यात वर जुनं धान्याचं कोठार आहे तिथपर्यंत पायऱ्या चढायच्या दीड वाजता. सावलीचा पत्ता नाही. अक्का दहा पायऱ्यांवर थांबल्या अन सरळ एका घरात शिरल्या, आत जाऊन बसल्या. मीही मागं गेले तर आत काय गार वाटलं सांगू! जाड मातीच्या भिंती, छोट्या खिडक्या, वर लाकडं अन माती टाकलेलं छत. अक्का म्हणाल्या, "अगं हे तर आपल्या गावचं माळवद, ह्याला बघायला इतक्या लांब आणलंस व्हय?" घरवाल्या बाईनं पुदिन्याचा चहा दिला, चीनहून येणारी हिरवी चहापत्ती अन भरमसाट साखर, उंचावरून धार सोडून ओततात. उन्हात गरम चहा कसा प्यायचा असं वाटतं पण तीन ग्लास पिले. वर मी गेलेच नाही. मिस्टर गेले, परत आले तेव्हा अंगावरच्या निळ्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे. घाम दिसत नाही, लगेच वाळतो, त्यामुळं माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. घरून ओआरएसची पाकिटं नेली होती तीच उपयोगाला आली, कांदाही नेला होता पण तो कस्टमवाल्यांनी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तोद्राची घळ, दोन्हीकडं उंचच उंच कडे अन मधून थंडगार पाणी वाहतं, पूर्ण ट्रिपमधी दुपार काढायला ह्यापेक्षा चांगली जागा नव्हती. तर तिथं दिली वीस मिनिटं. अन पुढं एर्फूदला जीवाश्म असलेल्या दगडाचे टेबल आणि बेसिन विकणाऱ्या दुकानात पाऊण तास. टेबल घेऊन मी विमानात बसू का?

मधी एक गोष्ट मात्र मला लई आवडली, जी प्रोग्राममधी नव्हतीच, ड्रायव्हरनं स्वतःहून गाडी थांबवली. एर्फूदच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं मातीचे ढिगारेच ढिगारे, एका रांगेत, मोठ्या वारुळासारखे. खेत्तारा म्हणतात. खालून बोगद्यातून डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारानं गावापर्यंत आणायचं, वरून ऊन लागत नाही म्हणून वाफ होत नाही, अन हे ढिगारे म्हणजे ते बोगदे खणताना अन साफ करताना वर काढलेली माती. ऐकताना मिस्टर एकदम म्हणाले ही तर आपली नहर-ए-अंबरी! खरंच की. पाणचक्की बघायला आपण शाळेच्या सहलीत संभाजीनगरला जातो, त्या शहराला मलिक अंबरनं सतराव्या शतकात पाणी असंच जमिनीखालून आणलेलं, अन तो माणूस मूळचा आफ्रिकेतलाच. आता बऱ्याच खेत्तारा कोरड्या आहेत म्हणे, पंप आले, पाणी खाली गेलं. हे पण ओळखीचंच. ज्या भागात २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागातल्या माणसाला हे समजवून सांगावं लागत नाही.

आता कॅम्प. मेर्झूगाला एर्ग शेब्बी नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, काही दीडशे मीटरपर्यंत उंच, पाच वाजता उंटावर बसायचं असं आमच्या कागदावर लिहिलेलं. कॅम्पवरच्या पोरानं कागद बघितला अन हसला. म्हणाला उंट नेणार नाही, उंटाचे पाय मजबूत आहेत पण तुमची डोकी नाहीत, साडेसातला या. अक्कांनी तेवढ्यात चप्पल काढून वाळूत पाय ठेवला अन ओरडल्याच. जुलैत सूर्य मावळतो सव्वाआठनंतर, म्हणून साडेसात बरोबर वेळ होती. ह्या पोराला माझ्याकडून पाच स्टार. डोक्याला कापड गुंडाळायचं त्यानं शिकवलं. दुकानात ते शंभर दिरहमला विकतात, म्हणजे जवळपास नऊशे रुपये, मिस्टरांच्या गावाकडच्या उपरण्यानं तेच काम केलं.

पण टेंट! "एसी टेंट" असं पैसे घेताना सांगितलं होतं. एसी होता, खोटं बोलणार नाही. जनरेटर रात्री अकराला बंद. साडेअकराला आत भट्टी. सगळ्यांनी गाद्या ओढून बाहेर वाळूवर टाकल्या, अन खरं सांगायचं तर ती रात्र पैसे वसूल होती, लहानपणी माळवदावर झोपायचो तशी. आकाशगंगा अशी स्पष्ट की लेक मोबाईल विसरली. दोनला वारा सुटला अन दातात, कानात, डोळ्यात वाळू, तोंडावर चादर ओढून पडलो. पण हे कंपनीनं दिलं नाही, आम्ही घेतलं. एसीचे पैसे कशाचे घेतले?

सकाळी अजून एक गंमत. जुलै-ऑगस्टात तिथं मोरोक्कोचेच लोक येतात, वाळूत पुरून घ्यायला. सांधेदुखीसाठी. सकाळी खड्डे करून वाळू तापू देतात, मग माणसाला मानेपर्यंत गरम वाळूत गाडतात, दहा-पंधरा मिनिटं, नंतर ब्लँकेटात गुंडाळून गरम चहा. म्हणजे आपण ज्या सीझनला चुकीचा म्हणतोय तोच त्यांचा सीझन. अक्का हटून बसल्या, मला गाडा म्हणून. बीपीची गोळी चालू आहे म्हटल्यावर तिथल्या बाईनंच नाही म्हणून हात हलवला. अक्का अजून रुसलेल्या आहेत, माझ्यावर.

जेवण शाकाहारीला चालतं, भाज्यांचं ताजीन म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेली भाजी रोज रोज येते, झालूक म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच पण टोमॅटो घालून, कुसकुस सांज्यासारखं. तिखट नाही म्हणून ठेचा न्या. हरीरा सूपमधी मटण असू शकतं, विचारून घ्या.

तर रेटिंग: जागेला पाच, कॅम्पच्या पोराला पाच, कंपनीला दोन. जुलैत जायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी वेळा लिहून मागा, बारा ते पाच मुक्कामावर पाहिजे, अन जनरेटर किती वाजेपर्यंत ते विचारा. नाहीतर ऑक्टोबरपासून पुढं जा, एर्फूदकडं ऑक्टोबरात खजुराची तोडणी पण असते. कंपनीला एसीच्या फरकाचा मेल टाकून अठरा दिवस झाले. काल फोन आला, मला वाटलं रिफंडचा असंल, तर तीच पोरगी, "मॅडम, ऑगस्टमध्ये इजिप्तची ऑफर आहे."