एकच जोडी की दर पुस्तकात नवी?

प्रेमकथांची मालिका दोन तऱ्हांनी रचतात. एकीत पहिल्या भागापासून शेवटपर्यंत तेच दोघं. दुसरीत घर तेच, माणसं ओळखीची, पण दर पुस्तकात नवी जोडी.

पहिलीची ओढ जबरदस्त. 2014 साली सुरू झालेल्या प्रतिलिपी या कथावाचनाच्या ॲपवर अशा कथा भागाभागाने येतात. नाशिकला सिडकोतल्या घरी रात्री ओटा आवरला की मी आधी नवा भाग आलाय का ते बघते. पण ती ओढ टिकवायला लेखिकेला सारखा नवा गैरसमज आणावा लागतो. चाळिसाव्या भागात पुन्हा अबोला सुरू झाला की माझं मन उडतं.

म्हणून मी स्वतः लिहितेय ती दुसऱ्या तऱ्हेची मालिका. दिंडोरीचं द्राक्षबागायतदार घर, चार भावंडं. थोरलीचं जमतं ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठी वेली छाटतात त्या धांदलीत. प्रेमकथेच्या वाचकाला शेवट गोड हवा असतो, तो इथे प्रत्येक पुस्तकात मिळतो. आणि पुढच्या पुस्तकात थोरली कडेवर लेक घेऊन माहेरी येते, तेव्हा तो गोडवा पुढेही टिकलाय हे वाचकाला दिसतं. मला लिहिताना सगळ्यात जास्त आनंद याच प्रसंगांत होतो. कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या धाकट्याची पाळी कधी येणार, हे मैत्रिणी आत्ताच विचारतात!

शिवाय वाचनालयाचा प्रश्न आहेच. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं, पण कुठल्याही वाचनालयात मालिकेतला नेमका हवा तो भाग कुणीतरी नेलेला असतो. नव्या जोडीच्या मालिकेत मधलंच पुस्तक हाती आलं तरी बिघडत नाही.