लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमन लिपीत?

मराठीत ऑनलाइन लिहिणाऱ्याने शीर्षक, उपशीर्षके आणि मेटा वर्णन (शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दाखवण्यासाठी दिलेला मजकूर) देवनागरीतच द्यावे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद उरतो तो लेखाच्या पत्त्याचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावापुढे येणाऱ्या आणि वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या साधनात ज्याला स्लग म्हणतात त्या तुकड्याचा. खान्देशातील खाद्यपदार्थ आणि सणवार यांवर अमळनेरहून लिहिताना मी पहिले सहा-सात महिने देवनागरी स्लग ठेवले आणि मग रोमनकडे वळलो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे बरेवाईट थोडेफार अनुभवाने सांगता येईल. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर लिहिणाऱ्यांपुढे मात्र हा पेच येतच नाही. तिथे मराठी शीर्षकाची अक्षरे गळून पत्त्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा उरतो, आणि स्वतःचा पत्ता द्यायचा म्हटला तरी रोमन अक्षरेच चालतात.

देवनागरीची बाजू आधी मांडतो, कारण ती तत्त्वाने अधिक बळकट आहे. पत्त्यात वाचकाच्या भाषेतले शब्द असावेत असे गूगलच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात, मराठी विकिपीडियाचे लेख देवनागरी पत्त्यांवरच उभे आहेत, आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ‘कानबाई’ हा आमच्या खान्देशातल्या देवीच्या नावाचा शब्द जसाच्या तसा दिसला की लिहिणाऱ्यालाही बरे वाटते. शिवाय रोमनमध्ये मराठी लिहिण्याची एकच एक रीत नाही. ‘वांगे’ लिहिताना सुरुवात व्हीने करायची की डब्ल्यूने, यावर एका घरातल्या दोघांचेही एकमत होत नाही. ट आणि त, ड आणि द यांच्यातला भेद तर रोमनमध्ये सरळ बुडतो, त्यामुळे आमचे खापरावरचे मांडे पत्त्यात गेले की त्यांचे मंदे झाले की मनडे, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ‘पीठ’ हा शब्द एकाच आयने लिहिला तर तो इंग्रजीत वनस्पतीच्या खोडातल्या भेंडाचा शब्द होऊन बसतो. या गोंधळाचा त्रास मला आजही होतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

तरीही मी देवनागरी सोडली, आणि त्याचे कारण शोधयंत्र नसून व्हॉट्सॲप आहे.

इंटरनेटवर पत्ता पाठवताना देवनागरी अक्षरे तशीच जात नाहीत. प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका ‘क’ साठी नऊ खुणा लागतात, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त हे सारे वेगळे मोजले जातात. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता सुबक मराठीत दिसत असला, तरी तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, पुन्हा टक्का-ई-शून्य, टक्का-ए-पाच अशी चार-पाच ओळींची माळ बाहेर पडते. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीवरचा लेख मी नातेवाइकांच्या गटात असाच टाकला, तेव्हा पारोळ्याच्या काकांचा लगेच फोन आला, “हाई काय शे रे भाऊ?” त्यांना तो बँकेच्या नावाने पैसे लुबाडणाऱ्यांचा संदेश वाटला होता, आणि त्यांनी तो स्वतः तर उघडला नाहीच, पण काकूंच्या मोबाइलमधूनही काढून टाकला. अनोळखी दुवा उघडू नये हे त्यांना शिकवणारा मीच असल्यामुळे मला काही बोलता येईना. दुव्यासोबत चित्र आणि शीर्षक दिसते हे खरे, पण नेट मंद असले की ते उमटत नाही आणि खालची माळ तेवढी शिल्लक राहते. आमच्या भागातला वाचक शोधून येण्याआधी बहुधा कोणीतरी पाठवल्यामुळे येतो, आणि पाठवणाऱ्यालाच दुव्याची लाज वाटू लागली तर लेख कितीही चांगला असो, तो पुढे सरकत नाही.

याच माळेचा दुसरा उपद्रव उशिरा ध्यानात आला. वर्डप्रेस स्लगसाठी २०० खुणांची जागा ठेवते. तिला नऊने भागले की देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे मावतात आणि पुढचे निमूटपणे कापले जाते. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळण्याच्या रीतीवर मी ‘कळण्याच्या भाकरीचे पीठ कसे दळावे’ असा लेख लिहिला होता. त्याचा स्लग झाला ‘कळण्याच्या-भाकरीचे-पीठ-क’. तो एकटा ‘क’ कित्येक आठवडे तसाच लोंबकळत राहिला आणि माझ्या लक्षातही आला नाही. स्लग हाताने आखूड करता येतो, हा युक्तिवाद मान्य आहे. पण मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि जोडाक्षरे यांतच निम्मी जागा जाते, म्हणून प्रत्येक वेळी चिन्हे मोजत बसण्याची सवय मला तरी लागली नाही.

आता शोधातल्या क्रमाचे काय, असे कोणी विचारील. पत्त्यातल्या शब्दांचे वजन अगदी थोडे असते, असे गूगलच्या माणसांनी वेळोवेळी सांगितले आहे, आणि माझा अनुभवही त्याला छेद देत नाही: स्लग बदलल्यानंतर लेखांच्या जागेत मला डोळ्यांना जाणवेल असा फरक दिसला नाही. शोधणाऱ्याला पत्ता मराठीत दिसेल, ही देवनागरीची एक जमेची बाजू होती; पण जानेवारी २०२५ पासून गूगल मोबाइलवरच्या निकालांत बहुतेक ठिकाणी संकेतस्थळाचे नावच दाखवते, त्यापुढचा तुकडा दाखवत नाही. आपले वाचक मोबाइलवरच वाचत असतील, तर तो लाभही आता बराचसा गेला असे समजायला हरकत नसावी.

रोमन स्लग करताना शीर्षकाचे जसेच्या तसे लिप्यंतर करू नये, असे मी नम्रपणे सुचवीन. कळण्याच्या भाकरीच्या त्या लेखाला आता फक्त ‘कळणा भाकरी’ हे दोन शब्द रोमनमध्ये पुरले, मध्ये आडवी रेघ (हायफन). अधोरेखाऐवजी (अंडरस्कोरऐवजी) आडवी रेघ वापरावी, असेही गूगलच सांगते. स्पेलिंगसाठी मी वहीच्या शेवटच्या पानावर छोटी यादी केली आहे: व साठी नेहमी व्ही, ळ साठी एल, दीर्घ ई साठी दोन ई. ही यादी बरोबरच आहे असा माझा दावा नाही. ती रोज तीच राहते एवढाच तिचा उपयोग. रोमनमध्ये शोधणाऱ्यांसाठी त्याच शब्दाची पाच-सहा स्पेलिंगे लेखात पांढऱ्या अक्षरांत लपवून ठेवण्याचा सल्लाही काही जण देतात, पण लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

ज्यांचे शंभरेक लेख आधीच देवनागरी पत्त्यांवर आहेत, त्यांनी घाईने सगळे बदलावेत असे मात्र मला वाटत नाही. प्रकाशित लेखाचा स्लग बदलला तरी वर्डप्रेस जुना लक्षात ठेवते आणि जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला नव्या पत्त्यावर नेऊन सोडते, तरीही एकेक बदलून तपासणे हे कंटाळवाणे काम आहे. मी चांगले चालणारे आणि वारंवार पाठवले जाणारे लेख तेवढे बदलले. ‘कानबाई’ हा एकच पत्ता मुद्दाम देवनागरीत राहू दिला. त्याची सहा चिन्हे, चोपन्न खुणा, दीड ओळीत मावतात, आणि श्रावणात तो दुवा पुढे पाठवणाऱ्यांनी आजवर तक्रार केलेली नाही.