नासचा ‘इट वॉज रिटन’: नऊ महिने ऐकल्यानंतर

२०१९ मध्ये ‘गली बॉय’च्या निमित्ताने आलेल्या एका गाण्यात डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपर्सबरोबर अमेरिकन रॅपर नासचा आवाज ऐकला आणि मी मागे मागे जात ‘इलमॅटिक’पर्यंत पोचलो. १९९४ चा तो पहिला अल्बम, जेमतेम चाळीस मिनिटांचा. विसाव्या वर्षी एखादा मुलगा आपल्या वस्तीबद्दल, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजबद्दल, इतकं नेमकं लिहितो याचं मला आजही अप्रूप वाटतं. दुसऱ्या अल्बमला, म्हणजे ‘इट वॉज रिटन’ला, मात्र मी वर्षानुवर्षं हात लावला नाही. ‘इथून नास बाजारू झाला’ हे इतक्यांदा वाचलं होतं की मी ते खरंच धरून चाललो होतो.

गेल्या पावसाळ्यात अखेर लावला. कल्याण ते घाटकोपर, जाताना आणि येताना.

पहिला महिना नावडीचाच गेला. ‘इलमॅटिक’मध्ये डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर या निर्मात्यांचे खरखरीत, जुन्या तबकड्यांमधून उचललेले बीट्स, म्हणजे शब्दांमागचं संगीत, होतं. इथे बहुतेक काम ट्रॅकमास्टर्स या निर्मात्यांच्या जोडीचं, म्हणजे गुळगुळीत आणि रेडिओला चालेल असं. ब्रिटिश गायक स्टिंगच्या गाण्यातली गिटार, युरिथमिक्स या पॉप जोडीची सगळ्यांना पाठ असलेली चाल. त्यात नास स्वतःला एस्कोबार (कोलंबियाच्या ड्रग्ज-माफियाचं नाव) म्हणवतो, पैसा आणि माफियाच्या गोष्टी सांगतो. जुलै १९९६ मध्ये अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि जुने चाहते हिरमुसले, त्याचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मीही ‘इलमॅटिक’चा दुसरा भागच शोधत होतो.

दुसऱ्या महिन्यात शब्द समोर ठेवून ऐकायला लागलो, आणि चौथ्या गाण्यावर अडकलो. ‘आय गेव्ह यू पॉवर’मध्ये बोलते ती बंदूक. कपाटात लपवून ठेवलेली, शेजारी एक गंजकी बंदूक रडतेय, कारण वर्षभरात तिला कुणी साफ केलेलं नाही. हातोहात फिरून, रक्त पाहून तिला शिसारी आलीय. मालक चाप ओढतो तेव्हा ती मुद्दाम अडून बसते. समोरचा गोळी झाडतो, मालक कोसळतो. बंदुकीला वाटतं सुटले, तोच दुसरा कुणीतरी तिला उचलतो. बीट प्रीमियरचा आहे आणि त्याने तो जवळजवळ उघडाच ठेवलाय, त्यामुळे एकही शब्द दबत नाही. तो शेवट पहिल्यांदा नीट समजला त्या दिवशी मी पुढचं गाणं लावलंच नाही. हे लिहिणारा माणूस विकला गेला होता असं मी तरी म्हणणार नाही.

‘टेक इट इन ब्लड’ तसंच हळूहळू चढलं. यमकं ओळीच्या शेवटाची वाट न बघता मधेच एकमेकांत अडकत जातात. कानाला ते उलगडायला पन्नासेक वेळा तरी ऐकावं लागलं. गाडीच्या खडखडाटात ते हरवतं, रात्री घरीच ऐका.

सगळं काही आवडलं असंही नाही. रॅपर-निर्माता डॉ. ड्रेबरोबरचं ‘नास इज कमिंग’ दोन मोठ्या नावांची भेट असूनही रेंगाळतं, नऊ महिन्यांनंतरही मी ते पुढे ढकलतो. ‘ब्लॅक गर्ल लॉस्ट’मधली तळमळ खरी आहे, पण सूर उपदेशाचा लागतो. आणि ‘इलमॅटिक’ची शिस्त इथे नाही, तीन-चार गाणी कमी असती तर अल्बम कितीतरी घट्ट झाला असता.

गायिका लॉरिन हिलबरोबरच्या ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’ला मात्र लोकप्रिय म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी मी आता भांडतो. चौदा गाण्यांत ते शेवटी येतं. बंदुका, संशय, दगाफटका यातून तासभर गेल्यावर ‘जग माझ्या हातात असतं तर सगळ्या कैद्यांना सोडलं असतं’ असं तो म्हणतो, तेव्हा ते केवळ गोड गाणं राहत नाही. सुटं ऐकलं तर ही गंमत निसटते.

नव्याने ऐकणार असाल तर ‘इलमॅटिक’नंतर लगेच लावू नका. मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या.