अलेप्पीला ग्रुप नेताय? हाउसबोटीत रात्र काढायची की होमस्टेत राहून छोट्या होडीने फिरायचं

गणपती संपले की पथकाच्या ग्रुपवर ट्रिपचा विषय निघतो, कोणीतरी केरळातल्या अलेप्पीच्या हाउसबोटीचा रील टाकतं आणि मग सगळ्यांचं "हेच हेच" सुरू होतं. जा की, पण 20-22 पोरंपोरी नेणार असाल तर ॲडव्हान्स भरायच्या आधी एवढं बघून घ्या, की तिथे पाण्यावरची सुट्टी दोन तऱ्हेची असते आणि दोन्हीत हाती येतं ते अगदीच वेगळं. एक म्हणजे मोठी हाउसबोट घ्यायची आणि रात्रही तिच्यावरच काढायची. दुसरं म्हणजे कालव्याकाठच्या होमस्टेत मुक्काम ठोकायचा आणि दिवसा शिकारा नाहीतर वल्ह्याची होडी घेऊन हिंडायचं. (डल लेकचं पण कोणीतरी काढतंच, पण तिथली हाउसबोट जागची हलत नाही आणि खर्चाचं गणितच वेगळं, तो विषय इथे नको.)

आधी हाउसबोट. मूळची ही भात वाहून न्यायची केट्टुवल्लम, आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून केलेली, खिळा मारायचाच नाही. आता तिच्यावर बेडरूम, अटॅच बाथरूम, एसी, वरती डेक असं सगळं असतं. पण टायमिंग बघा. दुपारी 12 ला चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला उतरायचं, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधून टाकतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे कागदावर 21 तास दिसतात पण बोट खरी चालते ती पाचेक तास, त्यातही जेवायला थांबते ते वेगळंच. रात्रभर पाण्यावर तरंगत पुढे चाललोय असं ज्यांच्या डोक्यात असेल त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहा वाजता चेहरे पडतात. एसीचंही तसंच, साध्या पॅकेजमध्ये तो बहुतेक रात्री 9 ते सकाळी 6 एवढाच, दिवसा पंखा.

तरीपण हाउसबोटीची एक गोष्ट होमस्टेला जमत नाही, सगळे एका जागी सापडतात. कोणी रूमवर झोपलंय, कोणी बाजारात गेलंय, दोघं अजून आलेच नाहीत, हे प्रकार बंद. जायला जागाच नाही ना! खाली स्वयंपाकी करीमीनला (तिथला मासा) दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन त्यात मिरची-हळदीचा मसाला दाबून भरत असतो, त्या तव्याच्या वासाने पत्ते अर्धे टाकून सगळे खाली येतात. भात मात्र जाडा लालसर मट्टा, पोळीचं विसरा, चिवड्याची दोन मोठी पाकिटं सोबत असू द्या.

एकच मोठी बोट की दोन लहान, यावर ग्रुपमध्ये हमखास भांडण होतं. माझं म्हणणं, मोठी एकच घ्या. दोन घेतल्या की एकीत दंगा आणि दुसरीत मोबाईल, असं होतं. एकाच मालकाच्या असतील तर रात्री शेजारी बांधायला सांगता येतं, पण दिवसा त्या आपापल्या वेगाने जाणार. फक्त मोठ्या बोटीचा तोटा असा की ती रुंद पाण्यातूनच फिरते, वेंबनाड तलाव आणि मोठे कालवे, आणि सीझनमध्ये पुढे-मागे हाउसबोटींची रांग, अक्षरशः नाशिकच्या सीबीएसच्या सिग्नलला उभं असल्यासारखं. गावं दिसतात ती लांबून.

आणि खरी मजा त्या गावांतच आहे, म्हणून छोटी होडी. कैनकरीच्या बाजूला अरुंद कालव्यांत शिरलं की दोन्हीकडे हात लांबवला तर काठ लागेल एवढंच पाणी, पायपुलाखालून जाताना नावाडी "डोकं खाली" अशी खूण करतो आणि अख्खी होडी वाकते. पायरीवर बसून कोणी भांडी घासतंय, कोणी कपडे आपटतंय, बदकांचा कळप आडवा जातोय. बांधावर उतरून पलीकडे बघाल तर भातशेती पाण्याच्या पातळीच्या खाली! कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीच्याही खाली शेती करतात, पंपाने सारखं पाणी उपसून कालव्यात टाकावं लागतं, 2013 मध्ये एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाच्या यादीत घेतलं. आमच्यातली निफाड-पिंपळगावची पोरं इथे फोटो सोडून पंपाचं बघत बसतात. हाउसबोटीच्या डेकवरून यातलं फारसं काही कळत नाही.

पैशाच्या हिशेबातही होमस्टे आणि शिकारा स्वस्तच पडतं, आणि त्याहून स्वस्त पाहिजे तर राज्य सरकारची अलेप्पी-कोट्टायम फेरीबोट आहे, अडीचेक तास, गावकऱ्यांसोबत लाकडी बाकावर बसून, तिकीट किरकोळ. फक्त निघायच्या आधी जेट्टीवर वेळ विचारून घ्या. होमस्टेत मुलींच्या वेगळ्या खोल्या आणि घरात कोणी काकू-मावशी असणं, हे घरच्यांना पटवायला फार कामाला येतं. हाउसबोटीवर खोल्या वेगळ्या असल्या तरी स्टाफ बहुतेक पुरुषच, आईबाबांचा पहिला प्रश्न तोच असतो.

सेफ्टीचं तेवढं सिरियसली घ्या. मे 2023 मध्ये केरळातच तानूरला बोट उलटून 22 जण गेले, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली आणि संध्याकाळ उलटून गेलेली. 2009 ला तेक्कडीत 45 गेले, तिथे लोक एकदम एका बाजूला सरकले होते. म्हणजे वरच्या डेकवर सगळे एका कडेला गोळा होऊन ग्रुप फोटो, हे करायचंच नाही. बोटीचं लायसन्स आणि किती माणसांची परवानगी हे आधी विचारा, लाईफ जॅकेट मोजून घ्या, आणि "दोन जास्त चालतील हो" म्हणणारा एजंट भेटला तर फोन ठेवा. आणि ढोल नेऊ नका, बोट गावाच्या काठाला बांधलेली असते, लोक झोपलेले असतात.

मला विचाराल तर, तीन दिवस-तीन रात्री असतील तर दोन रात्री होमस्टे, मधल्या दिवशी होडी आणि शेवटची एकच रात्र हाउसबोट. दोनच दिवस असतील तर हाउसबोट सोडा. ग्रुपला फक्त एकत्र बसून दंगा करायचाय, गावं-बिवं बघायची हौस नाही, तर मात्र सरळ हाउसबोट घ्या आणि दुसरीकडे बघूच नका. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर तिकडे दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून होडी सकाळचीच ठरवा. नाताळात दर चढलेले असतात.

जायचं म्हणाल तर नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस एर्नाकुलमपर्यंत सरळ आहे, पुढे बस नाहीतर लोकल गाडी. नाहीतर पंचवटीने कल्याण, लोकलने ठाणे आणि तिथून नेत्रावती एक्सप्रेस, ती थेट अलेप्पीला सोडते पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, म्हणजे त्या दिवशीची 12 वाजताची हाउसबोट हुकलीच, पहिली रात्र तशीही होमस्टेतच जाते. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे 22 जणांसाठी चौघांनी चार मोबाईलवर सकाळी 8 ला तयार बसायचं.