पिशवी, सायक्लोन की ड्रम? व्हॅक्यूम घेण्याआधी

दसऱ्याच्या आधीचा पंधरवडा आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "व्हॅक्यूम घ्यायचाय, किती वॅटचा घेऊ?" मी उलट विचारते, "घरात पंधरा अँपियरचा प्लग कुठे कुठे आहे?"

प्रश्न आगाऊ वाटतो, पण हिशेब साधा आहे. २३० व्होल्टवर १२०० वॅटचं मशीन साधारण सव्वापाच अँपियर घेतं. भिंतीवरच्या साध्या सहा अँपियरच्या पॉइंटवर ते निभावतं. १९०० वॅटचं सव्वाआठच्या आसपास खेचतं, म्हणजे त्याला गिझर-मायक्रोवेव्हचा जाड पिनांचा पॉइंट हवा. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत असे पॉइंट स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या बाहेर. गादी साफ करायची ती बेडरूममध्ये, आणि तिथे आहे एकच, एसीचा, छताजवळ. स्टुलावर चढून एसीची पिन काढायची आणि मग साफसफाईला लागायचं, हा उत्साह दोन रविवार टिकतो. तिसऱ्या रविवारी मशीन माळ्यावर.

बरं, जास्त वॅट म्हणजे जास्त ओढ असंही नाही. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते तेवढंच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला किलोपास्कलचा, म्हणजे ओढीच्या ताणाचा, आकडाही फसवा, कारण तो पाइपचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात. त्या क्षणी हवा वाहतच नसते. धूळ उचलायला ताणही लागतो आणि वाहती हवाही. युरोपियन युनियनने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूमवर १६०० वॅटची मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तिथल्या लोकांच्या घरात त्यामुळे काही धूळ साचली नाही. कंपन्यांनी तोंडाची आणि हवेच्या वाटेची रचना सुधारली, झालं. त्यासोबतचं ऊर्जा-लेबल मात्र कोर्टात पडलं. डायसन या व्हॅक्यूम बनवणाऱ्या कंपनीने दावा लावला होता, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या जनरल कोर्टाने लेबलचा नियम रद्द केला, कारण चाचण्या रिकाम्या पिशवीने, रिकाम्या डब्याने घेतल्या जात होत्या. आपल्या घरी पिशवी रिकामी असते पहिल्या दिवशी. त्यामुळे तुलना करायची ती पिशवी अर्धी भरल्यावर कोण कसं वागतं याची.

बाजारात चाकांवर ओढत न्यायचे, पाइपवाले व्हॅक्यूम मुख्यतः तीन जातींचे दिसतात. पिशवीवाले, उदाहरणार्थ युरेका फोर्ब्सचं १२०० वॅटचं क्विक क्लीन डीएक्स. बिनपिशवीचे सायक्लोन, जसं फिलिप्सचं १९०० वॅटचं पॉवरप्रो कॉम्पॅक्ट. आणि ओलं-सुकं दोन्ही ओढणारे ड्रम, जसं कार्चरचं १००० वॅट, १७ लिटरचं डब्ल्यूडी ३. पाण्याच्या भांड्यातून हवा गाळणारेही मिळतात. दर वेळी गढूळ पाणी ओतून भांडं घासायची हौस असेल तर जरूर घ्या, मी सोडून देते.

आपल्याकडे फरशी. फरशीला केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं, त्यासाठी हजारो रुपये घालवू नयेत. व्हॅक्यूमचं खरं काम गादी, सोफ्याच्या फटी, पडदे, पंख्याची पाती, पुस्तकांचं कपाट आणि सरकत्या खिडकीचं चॅनेल. म्हणून गालिच्यासाठीच्या फिरत्या ब्रशचं कौतुक करणाऱ्या विक्रेत्याला हसून पुढे जायला सांगा, आणि फटीत घालायचं चपटं नोझल आणि सोफ्याचं छोटं तोंड आहे का ते बघा.

नव्या मशीनवर तिन्ही जातींत फार फरक जाणवत नाही. फरक पडतो बारीक धुळीने. आमच्या शेजारी गेली दोन वर्षं रिडेव्हलपमेंट चालू आहे. खिडकीत सिमेंटची जी धूळ बसते ती पिठीसाखरेसारखी असते. कापडी पिशवीची छिद्रं ती पटकन बुजवते आणि ओढ मंदावते. पिशवी झटकली की तात्पुरती परत येते. न विणलेल्या कापडाची, अनेक पदरांची, टाकून द्यायची पिशवी जास्त काळ श्वास घेते. सायक्लोनमध्ये हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड कचरा बाहेर फेकला जाऊन डब्यात पडतो, त्यामुळे केस, तांदळाचे दाणे, थर्माकोलच्या गोळ्या त्याला किस झाड की पत्ती. अगदी बारीक पूड मात्र पुढच्या फिल्टरवर जाऊन बसते. मग फिल्टर धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा, निदान एक अख्खा दिवस. हे सूचनापुस्तिकेत वाचायला सोपं आहे. जुलैत ठाण्यात जिथे टॉवेल वाळत नाही तिथे तो स्पंज काय वाळणार? दमट फिल्टर बसवला की खोलीभर कुबट वास. सायक्लोन घ्यायचाच तर दुसरा फिल्टर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर आणखी एक. हेपा एच१३ फिल्टर ९९.९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो हे खरं, पण सायक्लोनचा डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा करताना जो ढग उठतो तो नेमका त्याच माणसाच्या नाकात जातो. तिथे टाकून द्यायच्या पिशवीला पर्याय नाही.

आता आवाज. डेसिबलचा आकडा सरळ वाढत नाही; दहाने वाढला की कानाला जवळपास दुप्पट वाटतो. म्हणजे ७२ आणि ८२ मधला फरक किरकोळ समजू नका. युरोपात २०१७ पासून ८० डेसिबलची कमाल मर्यादा आहे, पण ओले-सुके ड्रम त्या नियमातून वगळलेले आहेत, आणि ते कानाला कळतं. माझी घरगुती चाचणी अशी: हॉलमध्ये मशीन चालू असताना स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात का? आमच्या पिशवीवाल्यावर येतात. शेजारच्यांच्या ड्रमवर मी एकदा आमटीच्या डाळीचा लगदा केला आहे.

दुकानात आणखी एक बघा. आवाज कमी करायचा तर मोटरचा वेग कमी व्हायला हवा, म्हणजे मशीनच्या अंगावर गोल बटण हवं. मुठीजवळची सरकती पट्टी फक्त बाहेरची हवा आत घेते. ओढ कमी होते, मोटर तशीच किंचाळते. स्वस्त मशीनवर बहुधा पट्टीच असते.

टिकाऊपणाबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण हात पोळलेत. आमचं पहिलं मशीन पिशवीचं होतं. तिसऱ्या वर्षी त्याच्या पिशव्या मिळेनाशा झाल्या. सर्व्हिस सेंटरला चार फोन झाले, मग मी सासूबाईंच्या जुन्या सुती साडीची पिशवी शिवली. दोन पदरी, काठ आतल्या बाजूला, मला कोण अभिमान! महिन्याभरात करपट वास आणि मागून ठिणग्या. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने उघडलं तर आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर, गिरणीतल्यासारखं पांढरं पीठ. "ताई, कार्बन नवे टाकले असते, पण वाइंडिंगच गेलंय." साडीचं सूत डोळ्यांना दाट दिसतं, सिमेंटला ती चाळणी.

कारण मग समजलं. पिशवीच्या आणि सायक्लोनच्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला गार ठेवते. पिशवी भरली, पाइप तुंबला की हवा थांबते, मोटर हलकी होऊन आणखी जोरात फिरते आणि तापते. आवाज अचानक बारीक, उंच झाला की आधी बटण बंद करायचं, मग कारण शोधायचं. ड्रममध्ये मोटरच्या थंडाव्याची हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून तो असली हेळसांड जास्त सोसतो. राबवायला ड्रम बरा, राहायला नाही.

युरोपच्या नियमात मोटरसाठी किमान ५०० तास आणि पाइपसाठी ४०,००० वेळा वाकवण्याची अट आहे. आठवड्याला एक तास धरला तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षं. मोटर तेवढी जगतेही. आधी जातो तो मुठीजवळ चिरणारा पाइप, वायर गुंडाळायची स्प्रिंग आणि झाकणाची खिट्टी. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला तिथल्या तिथे विचारा: पिशव्यांचा पुडा आहे का, केवढ्याला, आणि पाइप सुटा मिळतो का? "मागवून देऊ" म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा.

माझं मत मागाल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आठवड्याला एकदा गाद्या-सोफा करणाऱ्या घराने हजार-बाराशे वॅटचं पिशवीवालं घ्यावं आणि वर्षाच्या पिशव्या सोबतच घ्याव्यात. घरात लांब केसांची दोन-तीन माणसं किंवा कुत्रं असेल, पिशव्यांचा खर्च नको असेल आणि पंधरा अँपियरचे पॉइंट हाताशी असतील तर सायक्लोन. बंगला, अंगण, गाडी, पावसात खिडकीतून आत येणारं पाणी असं सगळं असेल तर ड्रम. फक्त पाणी ओढताना आतली कागदी पिशवी काढायला विसरू नका आणि १७ लिटर हा आकडा मनावर घेऊ नका, आतलं तरंगतं झाकण त्याआधीच ओढ बंद करतं.

आमच्याकडे सध्या पिशवीवाला आहे. भाऊबीज झाली की दारातली रांगोळी मात्र मी त्याला दाखवतही नाही. दगडाचं पीठ ते. त्या दिवशी शेजारच्यांचा ड्रम येतो आणि परत जाताना त्याच्या झाकणावर चकल्यांचा डबा असतो.